ऊन पाण्याच्या पायऱ्या

प्रस्तावना

आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत ढलप्या, करवंट्या, जुन्या वह्यांचे कागद, काय हाताला लागेल ते जायचं आणि डोळ्यांत धूर गेल्याशिवाय आंघोळ व्हायची नाही. बंब तांबट आळीतला. त्याच्या पोटावर हातोडीचे ठोके मोजता येतील इतके स्पष्ट होते आणि पाणी तापेपर्यंत ते मोजणं हा माझा उद्योग असायचा. आजी कधी 'गरम पाणी' म्हणायची नाही. "ऊन पाणी काढलंय, विसण घालून घे," असं म्हणायची. विसण म्हणजे कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी. ऊन वरण, ऊन भात, ऊन पाणी. गरम हा शब्द तिच्या लेखी तापलेल्या डोक्यासाठी होता.

पुढे महाराष्ट्राच्या नकाशावर पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, खानदेशातलं उनपदेव आणि किनवटकडचं उनकेश्वर सापडत गेलं तेव्हा मला आजीच भेटल्यासारखं वाटलं. संस्कृत 'उष्ण' झिजत झिजत 'ऊन' झाला, तो माणसांच्या तोंडून जवळजवळ गेला आणि गावांच्या नावांत मात्र टिकून राहिला. जमिनीतून आपोआप तापलेलं पाणी येतं ही बातमी ज्यांनी पहिल्यांदा दिली, त्यांनी गावाला दुसरं काही नाव शोधलंच नाही. जे दिसलं, हाताला लागलं, तेच नाव.

हे पुस्तक या ठिकाणांविषयी आहे. पण निव्वळ कुंडांविषयी लिहायचं असतं तर एक पत्रक पुरलं असतं. माझं कुतूहल जोडीचं आहे. कोकणात जिथे ऊन पाणी वर येतं, तिथून एखाद्या दिवसाच्या चालीवर बहुतेक वेळा काहीतरी फार जुनं उभं किंवा पडलेलं असतं: डोंगरात खोदलेली लेणी, घाटवाट, टाकं, पडका तट. ही जोडी योगायोगाची आहे का, हा प्रश्न मला पडला तो इथे नाही, तुर्कस्तानात.

सहा-सात वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही पंचवीस-तीस जण तिकडे गेलो होतो. पामुक्कले आणि हिएरापोलिस मिळून दीड तास, त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत. पामुक म्हणजे कापूस, कले म्हणजे किल्ला. 'कले' आणि आपला 'किल्ला' हे एकाच अरबी शब्दाचे दोन नातू. जवळजवळ २०० मीटर उंचीचा पांढराशुभ्र उतार, त्यावर बशीसारखी एकाखाली एक पाण्याची तळी आणि माथ्यावर हिएरापोलिस या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शहराचे अवशेष: रंगमंडल, कमानी, रस्ता आणि शवपेट्यांची अफाट स्मशानभूमी. पर्गामॉनच्या राजांनी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात हे शहर वसवलं, पुढे रोमन आले, आजारी माणसं बरं व्हायला आली, त्यातली बरीच तिथेच राहिली. स्मशानभूमी एवढी मोठी का, याचं उत्तर मला तरी यात दिसलं.

उतारावर जोडे काढून जावं लागतं. लांबून कापूस दिसतो, पायाला मात्र कुरडईसारखी खरखरीत रेघांची जमीन लागते. तळ्याच्या तळाशी पिठूळ गाळ, पाणी घोटाभर आणि कोमट. आमच्यातल्या काकवांनी सलवारी गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या, फोटो झाले. आणि कोथरूडचे एक काका, ज्यांना विमानतळापासून एकही गोष्ट पसंत पडलेली नव्हती, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे म्हणजे आपली वज्रेश्वरीच की! फक्त चुना लावलाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य हॉटेलवर आलं, विमानात बसलं आणि पुण्यापर्यंत आलं, कारण ते विनोद म्हणून चांगलं होतंच, पण रसायनशास्त्र म्हणूनही चुकीचं नव्हतं.

पामुक्कलेच्या खाली चुनखडीचा दगड आहे. खोल भूगर्भात कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी त्या दगडातून जाताना चुना पोटात घेतं. वर आलं की वायू उडून जातो, सोडावॉटरची बाटली उघडल्यावर जातो तसा, आणि मग त्या पाण्याला चुना पोटात ठेवता येत नाही. तो आधी खळीसारखा मऊ बसतो, पुढे दगड होतो. जिथे पाणी काठावरून सांडतं तिथे वायू जास्त उडतो, म्हणून काठावर चुना जास्त बसतो, म्हणून काठ उंच होत जातो आणि तळं आपलं आपण बांधलं जातं. तिथल्या पायऱ्या पाण्याने घडवलेल्या आहेत. शेकडो, हजारो वर्षं, रोज थोड्या.

आपल्याकडे हे का झालं नाही? कारण आपल्याकडे चुनखडी नाही, थिजलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, बसाल्ट. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या पट्ट्यापासून खाली राजापूरपर्यंत, किनाऱ्याला साधारण समांतर अशी साडेतीनशे किलोमीटरची एक ओळ आहे. त्या ओळीवर अठराएक ठिकाणी मिळून साठेक गरम झरे भूवैज्ञानिकांनी नोंदलेले आहेत, काही जेमतेम कोमट, काही हात भाजणारे. यातलं बहुतेक पाणी बसाल्टमधून वर येतं. त्यात क्षार आहेत, चव खारट-तुरट लागते, पण पायऱ्या बांधण्याइतका चुना नाही. कुंडाच्या तळातून बुडबुडे येतात ते बहुतांशी नायट्रोजनचे. काही ठिकाणी कुजक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकयुक्त वायूचा.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण प्रत्येक कुंडावर कोणीतरी तो छातीठोकपणे सांगत असतं: खाली ज्वालामुखी आहे. नाही. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, त्याची ऊब केव्हाच गेली. सध्याचं पाणी पावसाचं आहे. ते भेगांतून फार खोल उतरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी. तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. भेगा कोकणातच का, याचंही कारण दगडात लिहिलेलं आहे. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर चवडीसारखे आडवे पडलेले आहेत. कोकणात उतरलं की तेच थर समुद्राकडे वाकतात. भूगर्भशास्त्रात या वाकण्याला पनवेलच्या नावाने ओळखतात. जाड पुठ्ठा वाकवला की वाकल्या जागी तो उभा तडकतो, तशा उत्तर-दक्षिण भेगा कोकणपट्टीत पडल्या. पुण्यात बंब लागतो आणि पालीत लागत नाही, याचं कारण हे एवढंच.

आणि पायऱ्यांचं म्हणाल तर, ज्याला आपण 'डेक्कन ट्रॅप' म्हणतो त्यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलेला आहे. सह्याद्रीच्या डोंगरांची कडेची रेघ बघितली की कारण कळतं. एक थर, एक कडा, एक माची, पुन्हा थर. म्हणजे आपण मुळात जिन्यावरच राहतो. पुणं जिन्याच्या वरच्या टप्प्यावर, ऊन पाणी जिन्याच्या पायथ्याशी. पामुक्कलेच्या बशा मोठ्या सुंदर आहेत, पण एवढा मोठा जिना त्यांच्याकडे नाही, हे मी कोथरूडच्या काकांना पुढच्या वेळी भेटल्यावर सांगणार होतो. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि बरंच झालं.

हा जिना पायी उतरायचा तर माझी आवडती वाट वाघजाई घाटाची. लोणावळ्याहून तैलबैलाला जायचं. दोन उभ्या कातळभिंती मोकळ्या पठारावर कोणीतरी रोवून विसरून गेल्यासारख्या उभ्या आहेत. तिथून पठार संपतं तिथे घाट सुरू होतो. थोडं उतरलं की वाघजाईचं ठाणं. शेंदूर लावलेली देवी, जवळ पाण्याचं टाकं. देवी घाटाच्या तोंडाशी आहे, याचा अर्थ इथून माणसं, बैल, माल जायचा. रिकाम्या डोंगरात कोणी देवी बसवत नाही, ती वाटेवर बसवतात.

त्याखाली जंगलात ठाणाळ्याची लेणी आहेत, तेवीस. ही लेणी नागोठणे, चौल या बाजूच्या बंदरांतून वर कार्ले-भाज्याकडे आणि पुढे जुन्नरकडे जाणाऱ्या जुन्या वाटांच्या जाळ्यात बसतात. १८९० साली रेव्हरंड जस्टिन अॅबट यांनी या लेण्यांकडे लक्ष वेधलं. हे तेच अॅबट, ज्यांनी पुढे महिपती आणि तुकाराम इंग्रजीत नेले. हेन्री कझिन्स यांनी नाडसूर आणि खडसांबळे इथल्या लेण्यांचा वृत्तान्त १८९१ मध्ये छापला. नाडसूर म्हणजे हेच ठाणाळे. त्याआधी लेण्यांना कोणी ओळखत नव्हतं असं मात्र समजू नका. गुराख्यांना ती पाठ होती, छापणारे उशिरा आले.

मी पहिल्यांदा गेलो ते मार्गशीर्षातल्या एका सकाळी. झाडीतून एकदम कातळाची लांबलचक कपार समोर येते आणि तिच्यात ओळीने काळी तोंडं. कुठे छप्पर कोसळलेलं, कुठे ओटा तेवढा शाबूत. चैत्यात स्तूप उभा आहे, साधा, कसलंही मिरवणं नाही. एका लेण्यात छोट्या छोट्या स्मारक-स्तूपांचा घोळकाच आहे. गेलेल्या भिक्षूंसाठी उभारलेले ते स्तूप एवढ्या दाटीने आहेत की एसटीच्या थांब्यावर माणसं उभी असावीत तसं वाटतं. आणखी एका लेण्यात वर मान केली तर छताला कोरीव नक्षी. मी निवांत बसलो होतो तो दगडी बाकासारखा ओटा, त्यावर एका बाजूला खोलगट झीज होती. उशाची बाजू असावी. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाचं तरी डोकं रोज तिथे टेकत होतं असं ठामपणे मी म्हणणार नाही. पाणी झिरपूनही दगड झिजतो. पण मी माझं डोकं टेकवून पाहिलं. बरोबर बसलं.

लेणी खोदणाऱ्यांनी हा जिना किती बारकाईने वाचला होता ते इथे समजतं. लाव्ह्याचा प्रत्येक थर खोदायला योग्य नसतो. एक थर घट्ट, एकसंध. त्याच्यावर-खालचा सच्छिद्र, ठिसूळ, कधी लाल मातीचा. लेणी घट्ट थरात आहेत, आणि थराच्या सांध्यातून पाणी पाझरतं म्हणून टाकी बरोबर तिथे. त्या काळच्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात. काय गोड शब्द आहे, आणि आपण तो घालवला! नाव देणाऱ्यांनी उन्हेऱ्यात 'ऊन' जपला, तशी पोढी कोणी जपली नाही.

ठाणाळे गावात उतरायला दुपार झाली. गुडघे म्हणत होते आता पुरे. सहा आसनी रिक्षात नऊ जण, मांडीवर माझी सॅक आणि सॅकवर कोणाची तरी कोंबडी, असे पालीत आलो. बल्लाळेश्वराच्या देवळात चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली म्हणून सांगतात ती घंटा आहे. पालीपासून उन्हेरे तीनएक किलोमीटर.

कुंडं बांधून काढलेली आहेत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला सोसवेल असं. काठावर एक म्हातारे गृहस्थ पंचा गुंडाळून बसले होते. मी थेट उतरायला लागलो तसे ओरडले, "ओ पाव्हणं, एकदम नको. आधी पाय सोडा, मग कंबर. घेरी येईल." मी पाय सोडले. पहिल्या क्षणी चटका, मग काही नाही, मग पोटऱ्यांतून काहीतरी सुटत गेलं. घाटातले सगळे दगड एकेक करून पायांतून बाहेर पडताहेत असं वाटलं. पायाखालून बुडबुड्यांची माळ सरकत वर येत होती आणि तळव्याला गुदगुल्या होत होत्या. म्हातारेबाबा मला विचारत होते, कुठून आलात. तैलबैलाहून चालत, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांच्या आज्याच्या वेळी लोक घाटावर तांदूळ घेऊन जायचे आणि येताना पालीचा गणपती आणि उन्हेऱ्याची आंघोळ करूनच घरी जायचे.

लेण्यांतले भिक्षू उन्हेऱ्याला पाय शेकायला यायचे असा दावा मी करत नाही. पण ज्या वाटेने लेणी झाली, ती वाट ज्या उताराने खाली येते आणि ज्या भेगेतून पाणी वर येतं, ते सगळं एकाच दगडाच्या वाकण्याने ठरवलेलं आहे. म्हणून माझ्या लेखी ही जोडी योगायोगाची नाही. डोंगर जिथे मोडतो तिथे घाट पडतो, घाटात लेणी होतात, आणि मोडलेल्या पुठ्ठ्याच्या चिरेतून ऊन पाणी येतं.

महाडला हीच जोडी अधिक जवळ आहे. गंधारपाल्याची लेणी मुंबई-गोवा रस्त्यावरून जाता जाता दिसतात, सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाजवळच्या डोंगरात. तिथल्या एका लेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन पोढी दान दिल्याचं नोंदलेलं आहे. राजपुत्राने दिलेल्या दानात पाण्याची मोजदाद खोल्यांच्या बरोबरीने केलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. गावापासून थोड्या अंतरावर सावित्रीच्या काठी सव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. पुण्याहून वरंध घाटाने जावं. पावसाळ्यात तो बंद असतो, तेव्हा ताम्हिणीने.

पण महाडात पाण्याविषयी लिहिताना सवच्या झऱ्यावर थांबून चालत नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं होतं, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यावं लागलं. त्या पाण्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. 'पायऱ्या' हा शब्द मी या पुस्तकाच्या नावात घातला तेव्हा मनात पामुक्कले होतं आणि सह्याद्री होता. महाडला गेल्यावर त्यात तिसरा अर्थ शिरला. आपल्याकडच्या पाण्याला पायऱ्या माणसांनी घातल्या, आणि माणसांनी घातलेल्या पायरीवर कोणी उभं राहायचं हेही माणसांनीच ठरवलं. चुनखडी ही भानगड करत नाही. गरम कुंडांच्या जुन्या हकिकती वाचताना, गावकऱ्यांशी बोलताना, मी प्रत्येक ठिकाणी विचारलं: पूर्वी इथे कोण उतरू शकत होतं, खालच्या अंगाला वेगळं कुंड होतं का. उत्तरं बहुतेक वेळा घसा खाकरून सुरू झाली. जी मिळाली ती त्या त्या प्रकरणात दिली आहेत.

वज्रेश्वरीचं प्रकरण पुस्तकात सगळ्यात लांब झालं आहे आणि त्याला पुणेरी कारण आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ बांधलं गेलं, ही हकिकत तिथे पायरीपायरीवर ऐकायला मिळते. देऊळ किल्ल्यासारखं आहे: तट, उंच जिना, नगारखाना. खाली तानसेच्या काठाला आणि पात्रात अकलोलीची कुंडं. तिकडे वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चच्या उभ्या भिंती, छपराविना. पाणी, देऊळ आणि अवशेष यांचा त्रिकोण एका मोहिमेने जोडलेला आहे. आणि मोहिमेचा सेनापती पुण्यात ओंकारेश्वराच्या आवारात आहे. चिमाजी अप्पांची समाधी तिथे मुठेच्या काठी आहे, आणि तिच्या शेजारी सकाळी लोक भाजी निवडल्यासारखे गप्पा निवडत बसलेले असतात. मी तिथून वज्रेश्वरीचा प्रवास सुरू केला, ते प्रकरणाला डौल यावा म्हणून. डौल आला की नाही हे वाचकांनी ठरवावं. शेजारच्या गणेशपुरीत भगवान नित्यानंद १९३६ मध्ये येऊन राहिले, त्यामुळे तिथल्या कुंडांना दूरदूरचे भक्त मिळाले. त्याबद्दल इतरांनी खूप लिहिलं आहे, मी आवरतं घेतलं.

औषधी गुणांबद्दल विचारणा होईल म्हणून सांगतो. उनपदेव आणि उनकेश्वर, दोन्हीकडे एकच कथा आहे: शरभंग ऋषींना कोड फुटलं होतं, रामाने बाण मारला, ऊन पाणी उसळलं, ऋषी बरे झाले. दोन ठिकाणी एक कथा असणं यात मला काही खोटं वाटत नाही. जिथे जिथे दुखणं होतं तिथे तिथे राम यावा असं लोकांना वाटलं. पण संधिवात, इसब, कोड घेऊन येणाऱ्या माणसांना कुंड बरं करतं असं मी लिहिणार नाही. ऊन पाण्याने सांधे सैल होतात, हे बंबालाही जमत होतं. रक्तदाबाच्या माणसांनी जपून. आणि उघडी जखम असेल तर ज्या पाण्यात चाळीस माणसं उतरली आहेत त्यात उतरू नये, हे सांगायला वैद्य लागत नाही. उलट अशा पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी औषधशास्त्राला जे दिलं ते मोठं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यात १९६०च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना उकळत्यासारख्या पाण्यात जगणारा एक जिवाणू सापडला. त्याच्यातलं एक विकर डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रात वापरलं गेलं आणि करोनाच्या काळात आपल्या नाकात काड्या घालून जी चाचणी झाली ती याच तंत्राची.

आता गाऱ्हाणं. कुंडांची दुरुस्ती म्हणजे स्वच्छतागृहाची फरशी, असं कोणीतरी ठरवलेलं दिसतं. जुना घडीव चिरा काढून त्या जागी पांढरी चकचकीत टाइल बसवली की ओल्या पायांनी माणसं धडाधड घसरतात, आणि मग 'सावकाश चाला' अशी पाटी लागते. एका ठिकाणी मी स्वतः आपटलो आणि तीन आठवडे कमरपट्टा बांधून फिरलो. साबण लावू नये अशी पाटी सगळीकडे असते आणि तिच्याखालीच साबणाचं वेष्टण. पामुक्कलेतही विसाव्या शतकात अवशेषांच्या डोक्यावर हॉटेलं उभी राहिली होती, उतारावर गाड्यांचा रस्ता होता, पांढरं ते करडं पडत चाललं होतं. १९८८ मध्ये ते जागतिक वारशात गेलं, पुढे हॉटेलं पाडली, रस्ता बंद केला, जोडे काढायला लावले आणि पाणी पाळीपाळीने सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे पांढरं पडत चाललं आहे तेच मुळात टाइलमुळे.

शेवटचं प्रकरण उन्हवऱ्याचं. दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजीची लेणी आहेत, कोटजाईच्या काठाला, एकोणतीस. पुरातत्त्ववेत्ते म. न. देशपांडे यांनी त्यांचा कसून अभ्यास केला, त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. ठाणाळ्यात एकच काळ गोठलेला वाटतो, पन्हाळेकाजीत मात्र एका डोंगरात बिऱ्हाडं बदलत गेली आहेत: आधी साधे बौद्ध भिक्षू, मग वज्रयानी, मग शैव आणि गाणपत्य, शेवटी नाथपंथी. एका लेण्याच्या छतावर रामकथा-कृष्णकथेची दृश्यं, थोडं दूर असलेल्या गौर लेण्यात नाथ आणि सिद्ध. शके १०६१, म्हणजे ११३९ सालच्या शिलाहारांच्या ताम्रपटात या जागेचं नाव प्रणालक असं येतं. नदीकाठची गार, ओली, झाडांनी झाकलेली जागा आहे. मी तिथे नातीला घेऊन गेलो होतो, तिला चौथीची सुट्टी होती. लेणी तिने दहा मिनिटांत संपवली, सिद्ध मोजायला मात्र अर्धा तास घेतला आणि दोनदा मोजून दोन वेगळे आकडे आले.

तिथून उन्हवऱ्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. इथलं पाणी उगमाशी सत्तर अंशांच्या आसपास, कोकणातलं सगळ्यात कडक. वाफ दिसते, गंधकाचा वास येतो आणि उगमाकडे कोणी फिरकत नाही. नातीने कुंडात बोटाचं टोक घातलं, झटक्यात मागे घेतलं आणि आजीकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे आलेला शब्द वापरून विचारलं, "आजोबा, इथे विसण कुठे आहे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. थंड पाण्याचा नळ कुठेच दिसेना. कपडे धूत बसलेल्या एका बाईंनी तिचा प्रश्न ऐकला होता. हातातलं धुणं न थांबवता त्या म्हणाल्या, "बादली भरून ठेवा नि जेवून या. येईस्तोवर होईल आंघोळीजोगं."

पुणे ३०
मार्गशीर्ष